नव्या कोऱ्या रेकॉर्डमध्ये कडकड का?

प्रश्न : वाढदिवसाला मामाने ‘यंग मार्बल जायंट्स’ या बँडच्या ‘कोलॉसल यूथ’ अल्बमची नव्याने काढलेली रेकॉर्ड पाठवली. आजोबांच्या जुन्या एचएमव्ही फिएस्टा प्लेअरवर लावली तर गाण्यापेक्षा कडकडच जास्त. सुई उडते म्हणून सुईच्या दांड्यावर (आर्मवर) रुपयाचं नाणं ठेवते. रेकॉर्ड परत पाठवू का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : परत पाठवू नका. आधी ते नाणं काढा, आजच. आजच्या चांगल्या प्लेअरवर सुईचा सगळा भार दोनेक ग्रॅम असतो. आजोबांच्या प्लेअरवर तो मुळातच बराच जास्त, त्यात नाण्याचे तीन-चार ग्रॅम. खाचांवर नांगर फिरतोय, ताई.

मग आर्मच्या टोकाशी, सुई असते त्या हेडखाली वाकून बघा. अशा जुन्या प्लेअरवर बहुधा एक छोटी फिरती पट्टी असते, एका अंगाला ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डची) सुई, दुसऱ्या अंगाला एलपीची, म्हणजे तुमच्यासारख्या सावकाश फिरणाऱ्या रेकॉर्डची. ७८च्या सुईचं टोक जवळपास तिप्पट जाड. आजोबांनी शेवटी ७८ लावली असेल तर पट्टी तशीच राहिली असेल. ती फिरवा. एलपीची सुई झिजलेली असेल तर नवी बसवा, तोवर ही रेकॉर्ड लावू नका.

उरलेली कडकड धुळीची, आणि ती या बँडमध्ये जास्तच ऐकू येणार. वेल्समधल्या कार्डिफची ही तीन पोरं. ड्रमवाला नाही, यंत्राची टिकटिक, बास, तुटक गिटार, थोडा ऑर्गन आणि ॲलिसन स्टॅटनचा शेजारी बसून बोलल्यासारखा आवाज. ढोलकीच्या कडकडाटात धुळीचा कण खपून जातो, इथे त्याला लपायला जागाच नाही. ती शांतताच मला या गाण्यांत सगळ्यात प्रिय आहे. १९८०मध्ये रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीने हा अल्बम काढला, आणि एवढा एकच स्टुडिओ अल्बम करून बँड फुटला. २०२०मध्ये, चाळीस वर्षांनी, डोमिनो या दुसऱ्या कंपनीने तो पुन्हा रेकॉर्डवर आणला. मामांनी फार विचार करून भेट दिली आहे.

नवी रेकॉर्डही धुवावी लागते. कारखान्यातली कागदाची कुसं कव्हरातून तशीच येतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, आणि हात खाचांच्या दिशेने गोल. मधलं लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून ताटाळ्यात उभी वाळवा. २०१९च्या महापुरात माझ्या घरात कमरेएवढं पाणी होतं. कव्हरांचा लगदा झाला, लेबलं सुटली, पण याच पद्धतीने धुतलेल्या एलपी आजही वाजतात. कुठली कोणती हे मात्र लावल्यावरच कळतं. तेव्हा तुमचं कव्हर पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका.

आजोबांच्या ७८ना स्पिरिट अजिबात लावू नका. त्या लाखेच्या असतात, स्पिरिटने विरघळतात.