ऑक्टोबरचा आकडा, पश्चिमेचा हॉल

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. २०२५ चा ऑक्टोबर २०२४ च्या ऑक्टोबरशी ताडून पाहिला तर तुझ्या इंटिरियरच्या कामाच्या वेबसाइटवर येणारी माणसं घटलेली दिसतात, म्हणून तू अख्खी साइट नव्याने करायला निघालीस. शिवाय यंदा पांढऱ्याची चलती आहे म्हणून जुन्या कामांचे रंगीत फोटो काढून टाकायचं म्हणतेस. दोन्ही कामं तूर्त थांबव. आधी पंचांग काढ.

२०२४ मध्ये सर्वपित्री अमावास्या २ ऑक्टोबरला होती आणि लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. म्हणजे सगळा ऑक्टोबर रंगकामाचा. २०२५ मध्ये पितृपक्ष २१ सप्टेंबरलाच संपला आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झालं. दिवाळीआधी हॉल रंगवून हवा असलेल्या माणसाने सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच शोधाशोध उरकली. ऑक्टोबरच्या मध्यावर नागपुरात पेंटर हाती लागत नाही, तेव्हा शेड बघत कोण बसेल? तू तारखेला तारीख लावलीस म्हणून ती घसरण दिसली. आता ३ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर २०२४ आणि २२ सप्टेंबर ते २१ ऑक्टोबर २०२५ असे दोन तुकडे समोरासमोर ठेव. दोन्हीकडे तीसच दिवस येतात. अ‍ॅनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या साधनात, तुलनेसाठी हव्या त्या तारखा निवडता येतात. त्यानंतरही आकडा खाली असेल, तर मग काळजी करू.

२०२६ मध्ये हे आणखी जपून बघावं लागेल. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. धोंड्याच्या महिन्यात आपल्याकडे बरेच लोक गृहप्रवेश करत नाहीत. बेसा-बेलतरोडीकडे ज्यांना फ्लॅटचा ताबा मिळाला असेल, तेही महिनाभर थांबतील. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे हंगाम पुन्हा पुढे सरकला. हे सगळं तुझ्या वहीत आत्ताच लिहून ठेव, म्हणजे जूनमध्ये आलेख बघून झोप उडणार नाही.

आता आकड्यांबद्दल. 'किती माणसं आली' हा आकडा तुला सगळ्यात प्रिय आहे हे मला कळतं, पण आपल्या धंद्यात त्याच्यावर पोट भरत नाही. साइटवर व्हॉट्सअ‍ॅपचं बटण आहे, फोनचं बटण आहे. त्यावरचा प्रत्येक क्लिक अ‍ॅनालिटिक्समध्ये 'की इव्हेंट' (महत्त्वाची कृती) म्हणून नोंदवून घे. मग कोणत्या पानावरून माणूस बोलायला आला ते दिसतं. इन्स्टाग्रामवरून येणाऱ्या लिंकला यूटीएम, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी खूण, जोड, नाहीतर तिथली बरीच माणसं 'डायरेक्ट'मध्ये, म्हणजे थेट आलेल्यांत, मिसळून जातात. तू आणि तुझी असिस्टंट दिवसभर साइट उघडता, त्या भेटी गाळून टाक. आणि एक सेटिंग आजच बदल: सविस्तर विश्लेषणासाठीचा डेटा मुळात दोनच महिने ठेवला जातो, तो चौदा महिन्यांवर ने. मागचा गेलेला डेटा परत येत नाही, आणि आपला धंदा वर्षाच्या चक्रावर चालतो.

टक्केवारीच्या नादी लागू नको. महिन्याला चार चौकश्या येत होत्या आणि पाच आल्या, तर ती पंचवीस टक्के वाढ नसते. एक माणूस जास्त आलं, एवढंच.

गूगलच्या शोधात तुझी साइट कशी दिसते ते सांगणारं सर्च कन्सोल मात्र नेमाने उघड. तिथे सोळा महिन्यांचा हिशेब असतो: लोकांनी काय टाइप केलं, तुझं पान किती वेळा दिसलं, किती जणांनी उघडलं. फार क्वचित येणारे शोध गूगल त्यात दाखवत नाही, पण जे दिसतं तेही पुष्कळ आहे. एखाद्या शोधात तुझं पान खूपदा दिसतंय आणि कुणी उघडत नाही, तर मथळा बदलून बघ. तुझ्या पानावर 'मोनोक्रोमॅटिक पॅलेट' (एकाच रंगाच्या शेड) लिहिलंय. हॉल रंगवायला काढलेला माणूस 'हॉलसाठी कलर कॉम्बिनेशन' शोधतो. फोटोखाली बिस्किटी, मोरपिशी, अबोली असं सरळ लिही. शेडचं कंपनीतलं नाव आणि नंबर त्याच्या पुढे दे, म्हणजे तो कागद घेऊन माणूस दुकानात जाऊ शकेल.

साइट हळू उघडते अशी तुझी तक्रार आहे. मी माझ्या फोनवर उघडून पाहिली. वरचा मोठा फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवलेला दिसतो. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट दिसायला किती वेळ लागतो त्याला एलसीपी म्हणतात. तो अडीच सेकंदांच्या आत असावा, चारपैकी तीन भेटींमध्ये तरी, असा गूगलचा दंडक आहे. आपल्या साइटवर ती सगळ्यात मोठी गोष्ट बहुतेक वेळा फोटोच असते. फोटो फोनच्या मापाला आण, वेबपी या हलक्या फाइल प्रकारात कर. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग (माणूस खाली सरकला की मगच फोटो उघडणं) ठेव, पण वरच्या पहिल्या फोटोला ते लावू नको, तो उलट उशिरा येतो. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये दे, नाहीतर वाचता वाचता मजकूर खाली उडी मारतो. पेजस्पीड इनसाइट्स या साइटचा वेग तपासणाऱ्या गूगलच्या साधनात शंभरपैकी किती मार्क मिळाले याकडे फार बघू नको. ती एक चाचणी असते. तुझ्या साइटला पुरेशी माणसं येत असतील तर त्याच पानावर वरच्या बाजूला खऱ्या लोकांच्या फोनवरचे गेल्या अठ्ठावीस दिवसांचे आकडे दिसतात, ते खरे.

फोटो लहान करताना रंग मात्र सांभाळ. कॅमेऱ्यातला फोटो अ‍ॅडोबी आरजीबी या रंगपद्धतीत असेल तर वेबसाठी एसआरजीबी या पद्धतीत बदलून घे. फोटोसोबतची ही रंगपद्धतीची नोंद, म्हणजे प्रोफाइल, वाटेत गळलं तर तुझी डाळिंबी भिंत लोकांच्या फोनवर मळकी दिसते.

आता पांढऱ्याकडे येते. पॅन्टोन ही रंगांची प्रमाणं ठरवणारी कंपनी २००० सालापासून वर्षाचा रंग जाहीर करते. २०२५ साठी मोका मूस हा तपकिरी होता, २०२६ साठी क्लाउड डान्सर हा पांढरा आहे. आपल्याकडे एशियन पेंट्सचं कलरनेक्स्ट हे रंगांचं भाकीतही दरवर्षी निघतं. हे सगळं जरूर वाच. कापड, फॅशन, उत्पादनं यांत काय हलतंय ते बघून ही निवड होते, आणि पडदे-कुशनमध्ये तो रंग आपल्या बाजारातही पोचतो. पण ते जगासाठी केलेलं भाकीत आहे. मनीषनगरातल्या पश्चिमेला बाल्कनी असलेल्या हॉलसाठी ते केलेलं नाही.

तो हॉल डोळ्यांसमोर आण. मे महिना, संध्याकाळचे पाच, बाहेर ४५ अंश. ऊन तिरपं, तांबूस होऊन थेट समोरच्या भिंतीवर आपटतं. क्लाउड डान्सरच्या जवळचा पांढरा तिथे लावलास तर तो बहुतेक सगळा उजेड परत फेकतो. शेड कार्डावर एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा, लिहिलेला असेल तर बघ: शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे शुभ्र, आणि असे पांढरे ऐंशीच्या वर असतात. सोफ्यावर बसलेल्या आजोबांचे डोळे दिपतील. त्याच उन्हात फिका पीच नारिंगी दिसतो आणि थंड करड्याचा थंडपणा बराच कमी होतो. मग दुपारचं बघ. नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) असो नसो, एप्रिलपासून जूनपर्यंत आपल्या घरांत अकरा ते पाच पडदे ओढलेले, कूलर सुरू. उन्हाळाभर तो हॉल अर्ध्या अंधारात जगतो. डिसेंबरच्या सकाळी काढलेल्या फोटोत जी गर्द हिरवी भिंत रानासारखी दिसते, ती मेच्या दुपारी काळी पडते, आणि क्लायंट म्हणतो, "मॅडम, हा रंग अंगावर येतो." कूलरसमोरच्या भिंतीला दमट हवा लागून पोपडे धरतात ते वेगळंच. तिथे आधी पुट्टी-प्रायमरचं बघायचं, रंगाचं नंतर.

म्हणून शेड कार्डावरच्या टिकलीएवढ्या चौकोनावरून रंग ठरवू नको. दोन फुटी प्लायवर पेंटरकडून रंगाचे दोन हात मारून घे, सुकू दे, आणि तो तुकडा त्याच भिंतीला टेकवून सकाळी, पाच वाजता आणि रात्री दिवे लावून बघ. रात्रीचं विसरू नको. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली आणि ३००० च्या पिवळसर दिव्याखाली एकच बिस्किटी दोन वेगळ्या घरांतला वाटतो. घरात कोणते दिवे लागणार ते आधी विचार.

ट्रेंड घराच्या कोणत्या भागात आणायचा, यावर माझं मत पक्कं आहे. कुशन, पडदे, फार तर एक भिंत. टाइल्स आणि किचनच्या शटरचं लॅमिनेट यांना वर्षाच्या रंगाच्या मागे पळवू नये. भिंत चार-पाच वर्षांनी पुन्हा रंगवता येते. टाइल्स उखडायला माणूस तुला पुन्हा बोलावत नाही, तो दुसऱ्याला बोलावतो.

आता हे दोन्ही धागे एकत्र बांध, कारण नागपूरचा ट्रेंड तुला दुसरीकडे कुठे मिळणार नाही. एक साधी शीट कर. प्रत्येक कामाच्या फोटोपुढे तीन गोष्टी लिही: तो किती जणांनी पाहिला, त्याच्या पानावरून किती जण व्हॉट्सअ‍ॅपवर आले, आणि त्या माणसांनी शेवटी भिंतीवर कोणता रंग लावला. पहिल्या दोन गोष्टी मशीन देईल, तिसरी तुलाच विचारावी लागेल, काम दुसऱ्याने केलं असेल तरी. लोक गर्द रंग डोळे भरून बघतात, विचारायला थोडा हलका निवडतात आणि लावताना त्याहून हलका लावतात, असं मी आपल्या गावात कायम पाहत आले आहे. तुझ्या शीटमध्ये वेगळं निघालं तर मला फार आनंद होईल, कारण तुझे क्लायंट माझ्यापेक्षा तरुण आहेत. तोवर रंगीत फोटो काढू नको. गर्द भिंतीचा फोटो माणसाला आत आणतो. त्याच पानावर त्याच रंगाच्या दोन हलक्या शेड दाखव, आणि हॉलची दिशा व फोटो काढल्याची वेळ लिही. 'पश्चिमेचा हॉल, मे, संध्याकाळी ५' असं फोटोखाली वाचलं की नागपूरकराला पुढचं सांगावं लागत नाही.

अधिक महिना लागण्याआधी, एप्रिलअखेरपर्यंतची शीट मला पाठव. ज्यांनी विचारलं आणि पुढे आलेच नाहीत, त्यांच्या ओळीही राहू दे.

तुझी,
मॅडम