आगोटीची खरेदी आणि मार्टचं बिल

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

घर तुझ्या हातात आल्यावरचा हा पहिलाच पावसाळा. आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायचं सामान शहरातल्या मार्टमधून भरावं की बंदरावरच्या दुकानातून, असं तू विचारलंस आणि सोबत मागच्या महिन्याच्या बिलाचा फोटो पाठवलास. त्या बिलाच्या तळाशी ‘आपली बचत’ असा आकडा छापलाय, तिथूनच सुरुवात करू.

ती बचत एमआरपीशी तुलना करून काढलेली असते. एमआरपी ही कमाल किंमत, सगळे कर धरून. त्याहून जास्त कुणी घ्यायची नाही, कमी कितीही घेता येते. आपला दुकानदारसुद्धा साबण, चहापूड, तेलाची पिशवी बऱ्याचदा चार-दोन रुपये कमी करूनच देतो. म्हणजे तुझी बचत मोजायची ती त्याच्या भावाशी. जाण्याआधी त्याला पाच-सात वस्तूंचे भाव विचार आणि वहीत लिहून घे. विचारायला लाजू नकोस, भाव विचारला म्हणून कुणी रागावत नाही.

स्वस्त म्हणजे माल वाईट, असं वाडीत काही जणी म्हणतात. ते मनातून काढून टाक. कंपनीचं बंद पाकीट इथेही तेच आणि तिथेही तेच. भाव उतरतो तो धंद्याच्या पद्धतीमुळे. डी-मार्टचंच बघ. २००२ साली पवईत त्यांचं पहिलं दुकान निघालं. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची घ्यायची म्हणजे भाडं नाही, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे म्हणजे तो भाव सोडतो, आणि जे भराभर खपतं तेच मांडायचं. आपल्याकडच्या छोट्या दुकानदाराला एजन्सीकडून जो भाव लागतो, त्याहून कमी भावात काही वस्तू मार्टमध्ये मिळतात. म्हणून काही दुकानदार स्वतःच तिथून माल भरतात. यात लबाडी कुणाचीच नाही.

पण साखर, तेल, डाळी यांवर नफा थोडा असतो. तो भरून निघतो कपडे, प्लॅस्टिकचे डबे, भांडी, चादरी यांच्यावर. तुझ्या बिलात दोन टॉवेल, डब्यांचा सेट आणि एक पायपुसणं आहे. यादीत होतं का ते? नसेल तर डाळ-तेलात वाचलेले पैसे तिथेच संपले. मी तुला दोष देत नाही. मांडणी भरलेली दिसली की हात आपोआप पुढे जातो, सगळ्यांचाच जातो. म्हणून यादी कागदावर हवी आणि तिच्याबाहेरची वस्तू त्या दिवशी घ्यायची नाही, पुढच्या खेपेला घ्यायची. पुढच्या खेपेपर्यंत तिची गरज उरली तर ती खरी गरज.

आता तेलाची पिशवी हातात घे आणि नीट वाच. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. हल्ली काही पिशव्या ८५० ग्रॅमच्या, काही ७५० ग्रॅमच्या असतात आणि आकाराला सगळ्या सारख्याच दिसतात. दोन पिशव्यांत सहा रुपयांचा फरक दिसला म्हणून स्वस्त ती उचलायची नाही. एका ग्रॅमला किंवा एका मिलिलिटरला किती पडले, तो भाव आता पाकिटावरच बारीक अक्षरांत छापलेला असतो. तो बघ. ‘एकावर एक मोफत’ दिसलं की आधी तारीख बघ. मुदत संपत आलेला माल असाच काढतात, आणि दोन माणसांच्या घरात सॉसच्या दोन बाटल्या वेळेत संपत नाहीत.

येण्याजाण्याचा खर्चही बिलातच धर. एसटीत आपल्याला बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढा आधार. पण परत येताना हातात पाच पिशव्या असल्या की फाट्यापासून वाडीपर्यंत स्पेशल रिक्षा करावी लागते. दर महिन्याला गेलीस तर बचत त्या रिक्षातच जाईल. वर्षातून दोनदा जा, आगोटीला आणि गणपतीआधी, चाकरमानी यायच्या आत. शेजारच्या दोघी बरोबर घे आणि भाडं वाटून घ्या.

आगोटीला काय भरायचं तेही सांगते. साबण, कपड्यांची पावडर, दंतमंजन, साखर, चहापूड, तेल, तूरडाळ खुशाल जास्त घे. रवा, मैदा, बेसन, बिस्किटं मात्र लागतील तेवढीच. आपल्या दमट हवेत जुलैत रव्याला जाळी धरते आणि पाच किलोच्या पिशवीतला निम्मा रवा कोंबड्यांपुढे जातो. मग तो स्वस्त कुठे पडला? आणलाच तर मंद आचेवर भाजून, पूर्ण गार करून डब्यात भर. डाळीला दोन दिवस खळ्यात कडक ऊन दे, नाहीतर भुंगे होतात. तांदूळ घरचा आहे. नाचणी, कुळीथ, आमसुलं, सुकट यांसाठी मार्टकडे बघूसुद्धा नकोस. ज्या बायका ते करतात त्यांच्या दारातच घे. माल डोळ्यांदेखतचा आणि पैसा गावात राहतो.

आणि बंदरावरचं दुकान सोडू नकोस, हे मी तुला आग्रहाने सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा झाडं पडून रस्ते बंद झाले आणि आपल्या दापोलीच्या कितीतरी गावांत पुढे बरेच दिवस वीज नव्हती. कार्ड चालेना, एटीएम चालेना. त्या दिवसांत मेणबत्त्या, काडेपेटी, मीठ, पोहे मिळाले ते याच दुकानातून, उधारीच्या वहीवर लिहून. मार्ट उधारी देत नाही, त्याचा तो धंदाच नाही. घरात आजारपण आलं, मासेमारीची बंदी चालू असली, मुंबईहून पैसे यायला उशीर झाला, की हीच वही उपयोगी पडते. पण वर्षभर सगळं बाहेरून आणून फक्त उधारीला त्याच्या दारात उभं राहणं बरं दिसत नाही, आणि तोही किती दिवस टिकणार? दूध, अंडी, मसाल्याचं किरकोळ सामान, कांदे-बटाटे, महिन्याच्या मध्ये संपलेलं तेल, हे त्याच्याकडूनच घे, शक्यतो रोख. दोन रुपये जास्त गेले तरी जाऊ देत.

यादी लिहिलीस की मला पाठव. मृगाआधी आठ दिवस तरी जाऊन ये, म्हणजे डाळींना ऊन द्यायला वेळ मिळेल. आणि आईंना विचार, घरात मोठे पत्र्याचे डबे किती आहेत. ते पोटमाळ्यावर असतील, झाकणं घट्ट बसतात का ते बघून मगच किती किलो घ्यायचं ते ठरव.

तुझी,
काकी