परत आलेल्या आईविषयी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पटकथा सलग वाचून काढली. मेलेली माणसे सोलापुरात परत येतात ही कल्पना तुला का सुचली हे मला ठाऊक आहे, म्हणूनच पहिली गोष्ट स्पष्ट लिहितो. तुझ्या पटकथेत विषाणू आहे, पोलीस आहेत, सात रस्ता चौकात सैरावैरा पळणारी गर्दी आहे. आई मात्र फारच थोडी आहे. पुढच्या खर्ड्यात हे प्रमाण उलटे व्हायला हवे.

‘हँडलिंग द अनडेड’ हा २०२४ सालचा नॉर्वेजियन चित्रपट जरूर पाहा. स्वीडिश लेखक योन आयविदे लिंडक्विस्ट यांच्या २००५ सालच्या कादंबरीवरून थेआ व्हिस्टेन्डाल यांनी तो दिग्दर्शित केला आहे. ऐन उकाड्यात ओस्लोतली वीज जाते आणि काही मृत माणसे उठतात. असे का घडले, हे शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. नातवाच्या कबरीतून आवाज ऐकू येताच आजोबा ती उकरतात आणि पोराला घरी घेऊन येतात. एका वृद्धेची जोडीदारीण परत येते, आणि वृद्धा तिला भरवू लागते. अपघातात गेलेली एक आई रुग्णालयात पुन्हा श्वास घेऊ लागते. मुलाच्या वाढदिवसासाठी आणलेला ससा तिच्या हातात दिला जातो, तिची पकड आवळत जाते आणि ससा मरतो. एवढ्या एका प्रसंगात जे भय आहे, ते तुझ्या गर्दीच्या सगळ्या दृश्यांत मिळून नाही.

याचे कारण नीट समजून घे. दहाव्याला कावळा शिवला नाही की आपण मृताची इच्छा राहिली असे धरतो, आणि ‘धाकटीचे लग्न करू, काळजी करू नकोस’ अशी वचने पिंडासमोर मोठ्याने देतो. गेलेल्या माणसाला अजून आपल्याकडून काही हवे आहे, या समजुतीत फार मोठा आधार असतो. तुझी परत आलेली आई हा आधारच काढून घेऊ शकते, कारण तिला काहीही नको आहे. हवे आहे ते सगळे घरच्यांना.

हे संवादांत सांगू नकोस. तुझी आई दारात बसून विड्या वळायची, तेच दाखव. मांडीवर सूप, भिजवून मऊ केलेली पाने, कात्री, तंबाखू, दोऱ्याचे रीळ. परत आलेल्या आईच्या मांडीवर मुलगी ते सूप ठेवते, तिच्या बोटांत पान देते आणि वाट पाहते. पान बोटांतून गळते. मुलगी ते उचलून पुन्हा देते. हे दृश्य प्रेक्षकाला असह्य होईल इतका वेळ चालू दे. पार्श्वसंगीत नको, शेजारच्या यंत्रमागांची खडखड पुरेशी आहे.

एक व्यावहारिक अडचण तुझ्या ध्यानात आलेली दिसत नाही. तू अंत्यसंस्कार दहनाचा दाखवला आहेस, मग देह परतणार कुठून? आपल्या शहरातल्या लिंगायत कुटुंबांत समाधी देण्याची, म्हणजे देह पुरण्याची, रीत आहे, त्यामुळे कथा तशा घरात नेता येईल. मात्र त्यासाठी जाणत्या मंडळींशी बोलून, त्यांच्या विधींचा मान राखूनच लिहावे लागेल. मला दुसरा मार्ग अधिक पटतो. भिवंडीहून मामा येईपर्यंत देह शवागारात ठेवलेला असतो, त्याच काही तासांत ती उठते. रडणे अजून पुरते सुरूही झालेले नाही, आणि रडण्याचे कारणच नाहीसे झाले आहे, असा तो काळ असेल.

हिंसा अजिबात नको असे माझे म्हणणे नाही. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ सालच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ची सुरुवातच वडिलांच्या थडग्याला भेट द्यायला आलेल्या बहीणभावापासून होते, आणि शेवटाकडे मेलेला भाऊच बहिणीला ओढून नेतो. चावा कोण घेते याला महत्त्व आहे. तुझ्या पटकथेत तो अनोळखी माणसाने घेतला आहे, म्हणून तो लागत नाही.

लिहिताना फार जड जाऊ लागले तर खुशाल थांब, कसलीही घाई नाही. सुपाचे दृश्य लिहून झाले की आधी बाबांना वाचून दाखव, आणि त्यांनी नको म्हटले तर ते बाजूला ठेव. आपण दुसरे शोधू. नंतर खर्डा माझ्याकडे पाठव.

कळावे,
तुझे सर