गल्लोगल्ली पब कसे आले?

प्रश्न: इंग्लंडमधे प्रत्येक गल्लीत पब असतो म्हणतात, असं का? आणि बाहेर चित्राची पाटी कशाला?

उत्तर: पाटी फार जुनी! 1393 मधे राजा दुसरा रिचर्ड यानं बिअर विकणाऱ्यांना दाराबाहेर खूण लावायची सक्ती केली, बिअर तपासणाऱ्याला जागा सापडावी म्हणून, आणि बहुतेकांना वाचता यायचं नाही त्यामुळे चित्रं. पांढरं हरीण हे या राजाचंच चिन्ह, आजही कितीतरी पबवर दिसतं. गल्लोगल्ली झाले ते मात्र 1830 च्या कायद्यानं, दोन गिनी (तिथलं जुनं चलन) भरून लायसन्स घेतलं की साधा करदाताही घरातल्या पुढच्या खोलीत बिअर विकू शकायचा. म्हणून मला वाटतं तिथलं वातावरण अजून घरगुती आहे, काउंटरवर जाऊन आपणच ऑर्डर द्यायची, मित्र असतील तर आळीपाळीनं एकेकानं सगळ्यांसाठी पेयं विकत घ्यायची (याला राउंड म्हणतात), आणि पाळी चुकवणारा कोणालाच आवडत नाही.