वाचकांचे प्रश्न: भाड्याच्या घराचा करार

डोंबिवलीहून एक घरमालक विचारतात: वन-बीएचके भाड्याने दिला आहे. एजंटने 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार टाइप करून नोटरी करून दिला. 'अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही' असं तो म्हणाला. आता भाडेकरू म्हणतो, भाडं 14 हजार ठरलं होतं, 16 नाही. करारात तर 16 लिहिलं आहे. काय करू?

एजंटने सांगितलेला नियम महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सला (म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी फक्त वापरायला देण्याच्या कराराला) लागू होत नाही. अकरा महिन्यांची पद्धत आली ती 1908 च्या केंद्रीय नोंदणी कायद्यातून. त्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोक वर्षाच्या आत थांबायला लागले. आपल्याकडे मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 आहे. करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे ते याच कलमातलं पुढचं वाक्य. नोंदणी नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, आणि ते खोटं ठरवण्याचा भार तुमच्यावर येतो. म्हणून नोटरीच्या कागदावर विसंबू नका, बँक स्टेटमेंट काढा. दर महिन्याला 16 हजार जमा होत असतील तर तोच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा. रोखीने घेत असाल आणि पावत्या दिल्या नसतील, तर बाजू खरोखर कमजोर आहे. अशा वेळी बसून तडजोड केलेली बरी.

यापुढे आजच्या तारखेचा नवा करार करून नोंदवा. जुनी तारीख टाकून 'मागचंही नीट करून देतो' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिने दंड भरून सवलत मिळते, त्यापुढे नाही.

करार पक्का असण्याचा खरा उपयोग मुदत संपल्यावर कळतो. भाडेकरू घर सोडत नसेल तर याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते. दिवाणी दाव्यापेक्षा हा रस्ता पुष्कळ जवळचा आहे.

पिंपळे सौदागरहून: 24 महिन्यांचा करार करायचा आहे. भाडं 25 हजार, दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ, डिपॉझिट एक लाख. ब्रोकर म्हणतो अकरा-अकराचे दोन करार स्वस्त पडतील.

हिशोब करून पाहा. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या 0.25 टक्के असतं. एकूण रक्कम म्हणजे पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज. डिपॉझिटमधला काही भाग परत मिळणार नसेल तर तो पूर्ण धरतात. पहिल्या वर्षाचं भाडं 3,00,000, दुसऱ्याचं 27,500 प्रमाणे 3,30,000, व्याज दोन वर्षांचं 20,000. बेरीज 6,50,000, शुल्क 1,625 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. शिवाय ऑनलाइन दस्ताचं हाताळणी शुल्क.

अकरा महिन्यांच्या दोन करारांचं मुद्रांक शुल्क मिळून साधारण 1,490 येतं आणि तेही 22 महिन्यांसाठीच. वर नोंदणी फी दोनदा, एजंटचे पैसे दोनदा आणि 'रिन्यूअल'च्या नावाने दलाली मागितली गेली तर तीही. स्वस्त पडतं ते लांब मुदतीचंच. 60 महिन्यांपर्यंत हाच दर चालतो, म्हणून मुदत ठरवताना दोन्ही बाजूंनी खरोखर किती दिवस राहायचं-ठेवायचं आहे एवढंच बघा. लांब कराराची भीती वाटत असेल तर लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) सहा महिन्यांचा आणि नोटीस एक महिन्याची लिहा. लॉक-इन दोघांवर बंधनकारक आहे की फक्त भाडेकरूवर, हे वाक्यात स्पष्ट यायला हवं. बऱ्याच तयार मसुद्यांत ते मोघम असतं आणि भांडण तिथेच होतं.

खर्च कोणी करायचा? बहुतेक ठिकाणी निम्मा-निम्मा. तोही करारात लिहा.

सोलापूरहून: घर आईच्या नावावर आहे. वय 74. ऑनलाइन नोंदणीला तिचा अंगठा मशीनवर लागतच नाही.

आधी आईंच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक तर नाही ना ते पाहा. घोटाळ्यांच्या भीतीने अनेकांनी ते लॉक करून ठेवलं आहे आणि मग विसरून गेलेत. लॉक असेल तर मशीन कितीही चांगलं असो, जुळणी होणार नाही. एम-आधार ॲपवरून तात्पुरतं उघडता येतं.

लॉक नसेल तर कारण बहुधा झिजलेल्या रेषा किंवा कोरडी त्वचा. हात कोमट पाण्याने धुवून पुसा, किंचित व्हॅसलिन लावून कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि अंगठ्याचा हट्ट सोडून दहाही बोटं लावून पाहा. अनामिका आणि करंगळीच्या रेषा कमी झिजलेल्या असतात. तरी नाही जमलं तर आधार केंद्रावर बायोमेट्रिक नव्याने नोंदवून घ्या. घाई असेल तर ऑनलाइनचा नाद सोडून दुय्यम निबंधक कार्यालयात नेहमीच्या पद्धतीने नोंदणी करा. आईंना बाहेर पडणं शक्य नसेल तर शुल्क भरून अधिकाऱ्याची गृहभेट मागता येते.

ठाण्याहून एक सभासद: फ्लॅट भाड्याने दिल्यावर सोसायटी महिन्याला 2,000 रुपये जादा घेते आणि भाडेकरूची 'मुलाखत' घेऊन एनओसी देते. हे बरोबर आहे का?

नाही, दोन्ही नाही. बिनभोगवटा शुल्काला (सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून घेतल्या जाणाऱ्या जादा रकमेला) शासनाच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाने मर्यादा घातली आहे: सेवा शुल्काच्या दहा टक्के, महापालिकेचे कर वगळून. संपूर्ण मेंटेनन्स बिलाच्या दहा टक्के नव्हे, ही चूक फार सोसायट्या करतात. तुमचं बिल 4,200 चं असेल आणि त्यात सेवा शुल्क 1,900 असेल (वॉचमन, सफाई, जिन्यातली वीज, ऑफिसचा खर्च वगैरे), तर शुल्क 190 रुपये. मालमत्ता कर, पाणी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी हे त्यात येत नाहीत. घरात सभासदाचं जवळचं कुटुंब, अगदी विवाहित मुलगी किंवा नातवंडं राहत असतील, तर हे शुल्क लागतच नाही.

आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) घर भाड्याने देण्यासाठी पूर्वपरवानगी लागत नाही, फक्त आधी कळवावं लागतं. कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या भाडेकरूच्या माहितीची प्रत सोसायटीत द्या, पोच घ्या. पोच महत्त्वाची. तरीही जादा आकारणी चालू राहिली तर बिलांच्या प्रतींसह आधी कमिटीला लेखी पत्र, मग प्रभागाच्या उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार.

मुलुंडहून एक भाडेकरू: घर सोडताना रंगकामाचे म्हणून डिपॉझिटमधून 30 हजार कापले. कायद्यात काही मर्यादा आहे का?

रंगाच्या कपातीला ठरावीक आकडा नाही. डिपॉझिटपुरतं बोलायचं तर केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण तो राज्याने स्वीकारल्यावरच लागू होतो. त्यामुळे सगळा भार करारातल्या शब्दांवर. 'नैसर्गिक झीज वगळून' हे तीन शब्द असतील तर वापराने फिका पडलेला रंग तुमच्या माथी मारता येत नाही. भिंतीला ड्रिलने पाडलेली भोकं, फुटलेलं सिंक, सीलिंग फॅनची वाकलेली पाती हा मात्र तुमचा खर्च. मालकाकडे रंगाऱ्याचं बिल मागा. बिल नसेल तर कपातीला लेखी हरकत घ्या.

नव्या घरात जाताना चावी हातात येताच, सामान आत येण्याआधी व्हिडिओ काढा. सुरुवात विजेच्या मीटरपासून करा: मीटरचा क्रमांक आणि रीडिंग एकाच फोटोत दिसलं पाहिजे. मग प्रत्येक नळ सोडून दाखवा, बाथरूमच्या छताचे कोपरे, खिडकीखालची ओल, दारांची कुलपं. तो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. सोडताना हाच क्रम पुन्हा करा आणि शेवटचं वीजबिल भरल्याची पावती जोडा. ओल आधीपासून होती की तुमच्या काळात आली, हा वाद दुसऱ्या कशाने मिटत नाही.

घाटकोपरहून: आठ लाख 'हेवी डिपॉझिट' आणि भाडं शून्य, असा फ्लॅट मिळतो आहे. घ्यावा का?

पैसे देण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून या फ्लॅटवर कोणत्या बँकेचा बोजा नोंदलेला आहे का ते विचारा. कर्ज देणाऱ्या बँका तसं पत्र सोसायटीला देतात. मालकाने ते पैसे कर्जफेडीसाठीच घेतले असतील आणि हप्ते थकले, तर बँक घराचा ताबा घेऊ शकते आणि तुमचे आठ लाख मालकाकडून वसूल करत बसावं लागतं. त्याचबरोबर इंडेक्स टू (नोंदवलेल्या खरेदी दस्ताचा अधिकृत उतारा) काढून मालक तोच आहे याची खात्री करा. रक्कम चेक किंवा एनईएफटीनेच, पूर्णच्या पूर्ण करारात लिहून. 'शुल्क वाचावं म्हणून करारात दोन लाखच दाखवू' असं मालक म्हणाला तर व्यवहार तिथेच थांबवा: वर्षभराच्या करारावर आठ लाखांच्या डिपॉझिटचं मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये होतं. तेवढ्यासाठी कोणी सहा लाख कागदाबाहेर ठेवत नाही.