म्हापशातला फ्लॅट भाड्याने देतानाच्या जुन्या जाहिरातीतला माझा मोबाईल नंबर आणि घराचा पत्ता अजून गुगलवर दिसतो. कसा काढायचा?

आधी ज्या साइटवर जाहिरात आहे तिथेच ती डिलीट करा, किंवा साइटवाल्यांना ईमेल करा. गुगल फक्त आपल्या निकालातली लिंक काढतं, मूळ पान तिथेच राहतं.

पान गेलं तरी निकाल दिसत असेल, तर गुगलच्या ‘रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट’ टूलमध्ये त्याची लिंक टाका.

साइटवाले दादच देत नसतील, तर निकालाशेजारच्या तीन टिंबांवर क्लिक करून तो काढण्याची विनंती करा आणि कारण म्हणून वैयक्तिक संपर्क माहिती निवडा. बरेच जण घोळ घालतात तो लिंकमध्ये: सर्च पानाची देतात. प्रत्यक्ष जाहिरात उघडून वरच्या पट्टीतली लिंक कॉपी करा. तीच जाहिरात दुसऱ्या लिंकवरही असेल तर तीही द्या, नाहीतर एक जाते नि दुसरी वर येते. नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट जोडा.

आधार, बँक खातं, सहीचा फोटो यांनाही हाच मार्ग. सरकारी साइटवरच्या नोंदी मात्र गुगल सहसा हटवत नाही; तिथे संबंधित खात्याकडेच अर्ज करावा लागतो. आणि हो, बिंग या दुसऱ्या सर्च इंजिनला वेगळं कळवा.