टिश्यू कल्चरचे रबर: आधी बुंधा बघा, बाटली नंतर

प्रश्न (शहापूर तालुका): दोन वर्षांपूर्वी टिश्यू कल्चरची म्हणून रबराची ३०० रोपे लावली. काहींची पाने अरुंद, वाढ खुंटलेली. विक्रेता टॉनिक मारायला सांगतो. डीएनए तपासणी करावी का?

उत्तर: टॉनिक मारू नका. टिश्यू कल्चरमध्ये, म्हणजे बाटलीत पेशींपासून रोप करताना, कधी जनुकात बदल होतो; तो फवारणीने जात नाही. युरियाही वाढवू नका.

आधी खाली बसून बुंधा बघा. जमिनीलगत डोळा भरल्याची (खालच्या मुळाच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, दुसऱ्या झाडाचा डोळा बसवल्याची) खाच, किंचित बाक दिसला, तर ते टिश्यू कल्चर नाहीच, साधे कलम आहे. जास्तीचे पैसे कशाचे घेतले ते विक्रेत्याला विचारा. खाचेखालून फुटवा आला असेल तर तो खुंटाचा, त्याची पाने वेगळी असणारच. कापून टाका. आपल्याकडे रबर थोडे, पण हापूसच्या बागांत 'जात फिरली' म्हणून बोलावतात आणि मी रायवळ फुटवा छाटून परत येतो.

खाच नसेल तर तपासणीचे बोलू. प्रयोगशाळा तुमच्या झाडाचे डीएनए पट्टे मूळ क्लोनच्या (ज्या निवडक झाडापासून ही रोपे केली, त्याच्या) पट्ट्यांशी ताडते. पट्टा जास्त निघाला किंवा गायब झाला, तर फरक आहे. म्हणजे मूळ क्लोनचे खात्रीचे पान हवेच. ते नसेल तर अहवाल फक्त तुमची झाडे आपापसात सारखी आहेत का, एवढेच सांगेल. विक्रेत्याकडे क्लोनचा नंबर मागा: आरआरआयआय १०५ की आरआरआयएम ६००? 'एकदम ओरिजिनल' हा नंबर नव्हे. बरे, पट्टे जुळले तरी डीएनएवरचे मिथाइलचे ठसे (जनुके चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणा) बदललेले असू शकतात, ते साध्या तपासणीत दिसत नाहीत.

एप्रिल-मेमध्ये निकाल लावू नका. पाण्यावाचून रखडलेले झाड आणि बिघडलेले झाड तेव्हा एकसारखेच दिसते. जुलै-ऑगस्टच्या नव्या पालवीवर बघा. विक्रेता उन्हाळ्यात 'बदलून देतो' म्हणाला, तरी उन्हाळ्यात लावू नका!

अनुदान: राज्य सरकारच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेच्या यादीत रबर नाही.

पुढची लागवड डोळा भरलेल्या, क्लोन माहीत असलेल्या पिशवीतल्या रोपांचीच करा. चीक काढायला बुंधा ५० सेंमी घेराचा व्हावा लागतो, त्याला सातेक वर्षे जातात. चूक तेव्हा कळून उपयोग नाही. पालघर जिल्ह्यात दापचरीला रबर बोर्डाचे संशोधन केंद्र आहे, तिथे विचारा. आणि आजच वहीत ओळीनुसार नकाशा काढून वेगळ्या दिसणाऱ्या झाडांवर खूण करा. नकाशा नसेल तर मला शेतावर बोलावू नका.